दोन ठोक्यांनंतर

प्रेसच्या डायवर पडलेला चामड्याचा तुकडा बघून अनंतला आधी वाटलं, बोटच आहे ते. मग प्रेससमोरच्या स्टुलावरून मालोजीनं उजवा हात वर केला, ग्लोव्ज ओढून काढला आणि पाचही बोटं हलवून दाखवली. मधल्या बोटाचं टोक गेलं होतं ते ग्लोव्जचं. स्टोअरमधून एकाच मापाचे ग्लोव्ज मिळायचे आणि ते माप कंपनीतल्या कुणाच्याच हाताचं नव्हतं. मालोजीच्या बोटांपुढे पेरभर चामडं नुसतंच लोंबत असायचं. आज त्या गबाळेपणानंच त्याला वाचवलं होतं. शेजारच्या प्रेसवरचे दोघं-तिघं धावत आले आणि बोटं शाबूत आहेत म्हटल्यावर लगेच हसायला लागले. "मालोजी भाऊ, नखं घरी कापून येत जा की," कुणीतरी म्हणालं. मालोजीही हसला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मशीननं डबल मारला, साहेब," तो म्हणाला. अनंतनं तो तुकडा उचलून खिशात टाकला. त्याच्या दुसऱ्या हातात अजून पाना होता. तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

पिंपरीच्या त्या कारखान्यात अनंत प्रेस शॉपचा सुपरवायझर होता आणि मालोजी त्याच्या हाताखालचा ऑपरेटर. पायातलं पेडल दाबलं की प्रेसचा वरचा जड ठोकळा एकदाच खाली यायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवलेल्या पत्र्याला आकार द्यायचा आणि वर जाऊन थांबायचा. एक पाय, एक घाव. क्लच झिजला की तो कधी कधी न विचारता दुसऱ्यांदा यायचा; त्याला सगळे 'डबल' म्हणायचे. मालोजी खोटं बोलत नव्हता. आपण पाय दिला हे त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते अनंतला. शेजारचे प्रेस डाय बदलायला थांबले होते, शॉपमध्ये कधी नव्हे ती शांतता पडली होती, आणि अनंत मालोजीच्या मागच्या लोखंडी खांबाला टेकून उभा होता. हातातल्या पान्यानं त्यानं खांबावर ठोकलं. टक, टक. ठरवून नाही, काही मनात आणून नाही. माणूस उभ्या उभ्या डोकं खाजवतो तसं. मालोजी तेव्हा वाकडा बसलेला पत्रा बोटानं सरळ करत होता. दोन ठोक्यांनंतर जी जागा मोकळी राहिली तिच्यात मालोजीचा पाय पडला. बारा वर्षांपूर्वी पडायचा तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही. अनंतनं तो पडताना पाहिला. आणि हात डायमध्ये आहे हे दिसायच्या आधी, त्या निमिषभरात, त्याला आनंद झाला होता. त्या आनंदाची त्याला आता शिसारी आली.

तेव्हा चिखलीच्या शिवारात मालोजीच्या चुलत्याची कांद्याची चाळ होती. कांदा चाकणच्या बाजारात गेला की ती रिकामी व्हायची, आणि मग ती त्यांची. औषध कंपनीच्या कॉलनीतून अनंत आणि आणखी दोघं सायकलींवर गिटारी बांधून तिथं जायचे. पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतीतून वारा शिट्ट्या घालायचा, खाली कांद्याची पापुद्र्यांसारखी सालं उडायची, आणि त्या उग्र वासात ते रॉक वाजवायचे. वाजवायचे म्हणजे काय, रेडिओवर परदेशी स्टेशन लागलं तर खरखरीतून जेवढं कानात पडेल आणि कॅम्पातल्या जुन्या बाजारात ज्या ओरखडलेल्या तबकड्या मिळतील, त्यांच्या जोरावर आरडाओरडा. पण अनंतला त्या खरखरीतूनच काहीतरी स्पष्ट ऐकू आलं होतं. त्याचे वडील हिशेब खात्यात. सकाळचा भोंगा, संध्याकाळचा भोंगा, मधे डबा. दाढीचं पातंसुद्धा वार बघून बदलायचे. त्या घरात एका रात्री एका अनोळखी देशातला कुणीतरी पोरगा घसा फाटेपर्यंत ओरडला आणि अनंतच्या अंगावर काटा आला. असंही जगता येतं तर. कुणाच्या ठोक्यावर न चालता. मालोजी त्यांना मिळाला तो त्याच्या गावाच्या लेझीम पथकामुळे; तो ढोल असा वाजवायचा की कॉलनीची पोरं रस्त्यात थांबायची. त्यांनी त्याला उचललाच. त्यानं गावचा ढोल आडवा घातला, शिवणयंत्राची मोडकी पायपट्टी आणि सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग जोडून त्याला पायानं मारायचं पेडल केलं. आयटीआयमध्ये नुकताच जायला लागला होता, हात वळवळत असायचे त्याचे. फक्त एक खोड होती. वाजवताना तो ओठांत मोजायचा. एक, दोन, तीन, चार, लेझमीत मोजतात तसं.

"मोजतोस कशाला?" अनंत चिडायचा. "मोजणारा माणूस नोकरच राहतो."

"न मोजता पाय कवा टाकायचा त्ये कसं कळंल?"

"कळायला नकोच. डोक्याला विचारू नकोस. पायाला सोडून दे."

आणि त्यानं त्यासाठी एक चालच बांधली. दोन ठोके, मग काही नाही. सगळे गप्प. त्या रिकाम्या जागेत मालोजीनं पाय टाकायचा, पण मोजून नाही, येईल तेव्हा. पहिले कित्येक दिवस मालोजी घामाघूम व्हायचा, ओठ आवळून धरायचा, तरी आत कुठंतरी मोजत असायचा आणि ते अनंतला लगेच कळायचं. "मोजलंस!" तो ओरडायचा. पुन्हा. पुन्हा. मग एका दुपारी ते जमलं. दोन ठोके, शांतता, आणि धप्प. कुणी टाकला नाही, आपला आपण पडला तो पाय. मालोजी स्वतःच दचकला. "आयला, म्या न्हाई मारला," तो म्हणाला आणि खुळ्यासारखा हसत सुटला. अनंतनं त्याला मिठी मारली. त्या वर्षीच्या वाढदिवसाला त्याला कॅम्पातून ड्रम वाजवायची खरी परदेशी टिपरी आणून दिली, गुळगुळीत, पिवळ्या लाकडाची. त्यानंतर नुसतं दोनदा ठोकायचं, भिंतीवर, सायकलच्या हँडलवर, चहाच्या टेबलावर. मालोजी जिथं असेल तिथं त्याचा पाय आपटायचा. पोरांना तो खेळच झाला होता.

कॉलनीच्या गणपतीत त्यांनी एकदाच कार्यक्रम केला. पहिल्या गाण्यालाच बायका पोरांना घेऊन उठल्या, दुसऱ्याला सेक्रेटरींनी मेन स्विच खाली ओढला. गिटारी मुक्या झाल्या. अंधारात मालोजी एकटा वाजवत राहिला आणि अनंत माईकशिवाय ओरडत राहिला, आणि त्या पाचदहा मिनिटांइतका मोकळा तो पुढं आयुष्यात कधी झाला नाही. घरी वडील म्हणाले, "याचा शेवट काय?" तो म्हणाला, "आयुष्य माझं आहे. जाईल तर माझं जाईल." वडील आठवडाभर बोलले नाहीत, मग आईनं शिरा केला आणि ते मिटलं. मालोजीचं मिटलं नाही. लेझीम पथकानं ढोल काढून घेतला. देवाच्या ढोलावर कसली थेरं केली म्हणून भैरोबाच्या उत्सवात त्याला पुन्हा कधी उभं केलं नाही, आणि बापानं कासऱ्यानं फोडून काढला ते वेगळंच. चाळीत येऊन त्यानं पाठीवरचे वळ दाखवले तेव्हा अनंतला त्याचा अभिमान वाटला होता. स्वातंत्र्याची किंमत, असं काहीतरी तो म्हणालासुद्धा. किंमत कुणी दिली होती ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण एकोणीस वर्षांच्या माणसाला दुसऱ्याच्या पाठीवरचे वळसुद्धा आपलेच वाटतात.

"क्लच ओक्के हाय," रंगराव म्हणाला. तो मेंटेनन्सचा जुना फिटर. अर्धा तास प्रेसच्या पोटात डोकं घालून बाहेर आला होता. "ब्रेकची पट्टी बी नवी. डबल मारायचं कारणच न्हाई. मान्साचाच पाय पडला आसंल." मालोजी जोरात म्हणाला, "माझा पाय न्हाई!" आणि ज्या घाईनं म्हणाला ती घाई सगळ्यांना दिसली. वर्क्स मॅनेजरांनी अनंतला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे, ते म्हणाले, मशीन की माणूस. मशीन असेल तर क्लच बदला आणि पुढं चला. माणूस असेल तर असला माणूस प्रेसवर नको, स्क्रॅप यार्डात पाठवा. अनंत बाहेर येऊन जिन्यावर उभा राहिला. मशीन म्हटलं की सगळं निभावत होतं. मालोजीची नोकरी, त्याचा बोनस, त्याच्या पोरांची शाळा. आणि उद्या सकाळी तोच हात त्याच डायमध्ये, तोच पाय त्याच पेडलवर. माणूस म्हटलं तर हात वाचत होता आणि माणूस स्क्रॅपमध्ये जात होता. खिशातला चामड्याचा तुकडा त्याच्या बोटांना लागला. त्यात अजून थोडी ऊब होती, किंवा ती त्याच्या स्वतःच्याच खिशाची असेल.

आणि ते पेडल तरी कुणी बसवलं होतं? दोन वर्षांपूर्वी, या शॉपचा चार्ज मिळाला तेव्हा प्रेसवर दोन बटणं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच घाव पडायचा. म्हणजे घाव पडताना दोन्ही हात बाहेरच. अनंतनं पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. रांगेनं बसलेली माणसं, दोन्ही हात पसरलेले, एकदम दाबताहेत, एकदम सोडताहेत. बेड्याच की या. यांना कुणी माणसं समजतं की नाही? ऑपरेटरही कुरकुरत होते, बटणांनी काम मंदावतं म्हणून. त्यानं वरच्यांशी भांडून पेडलं बसवून घेतली. हात मोकळे करा माणसांचे, असं तो मीटिंगमध्ये म्हणाला होता आणि म्हणताना त्याचा आवाज कापला होता. उत्पादन वाढलं, त्याचं कौतुक झालं, मालोजीनं शॉपमध्ये पेढे वाटले. अनंतनं निगडीला प्राधिकरणात घर घेतलं ते त्यावर मिळालेल्या पगारवाढीतून. रात्री जेवताना त्याचा पाय टेबलाखाली चालू असायचा. "अहो, पाय आवरा, आमटी सांडतेय," त्याची बायको पद्मा म्हणायची. तो म्हणायचा, मी कुठं हलवतोय? आणि बघायचा तर पाय खरंच हलत असायचा. हे त्याला गमतीचं वाटायचं. कालपर्यंत वाटायचं.

जेवणाचा भोंगा झाला. शॉप रिकामं झालं. मालोजी डबा न उघडता प्रेसजवळच बसून होता. अनंत त्याच्याजवळ गेला. शॉपमध्ये 'साहेब' आणि बाहेर 'अन्या', हे त्यांचं जुनं ठरलेलं. आता कुणी नव्हतं तरी मालोजी साहेबच म्हणाला.

"मशीनच लिवा, साहेब. तुमाला काय जातंय?"

"तुझा पाय पडला, मालोजी. मी पाहिला."

"आन मला कसं कळलं न्हाई?"

"मी खांबावर ठोकलं. दोनदा. आपलं ते."

मालोजी हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "चांगलं हाय. रंगराव म्हनतो मान्साचा पाय, तुमी म्हनता जुनं गानं. बारा वरसं झाली त्याला. माजी काय माकडाची जात हाय व्हय, डमरू वाजला की नाचाया?"

अनंतला राग आला, पण कुणाचा ते कळेना. त्यानं मालोजीला स्टुलावरून उठवलं. मोटर चालू केली. प्रेसचं मोठं चाक घरघरत वेगात आलं आणि जमीन तळव्यांना थरथरू लागली. डायमध्ये त्यानं हात घातला नाही, लांब चिमट्यात पत्र्याचा तुकडा धरून आत ठेवला, डावा हात मांडीवर दाबून ठेवला. उजवा पाय पेडलवर. "जा खांबाशी," तो म्हणाला, "आणि ठोक. कधी ठोकणार ते मला सांगू नकोस. मी पाय हलवणार नाही." मालोजी मागं गेला. अनंतनं सगळं लक्ष पायात नेलं. अंगठा, टाच, घोटा. मी हलवणार नाही. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, भुवईतून डोळ्यात. मागं काहीच होत नव्हतं. चाकाची घरघर, कुठंतरी पत्र्यावर चिमणीच्या नखांचा खरखराट. त्याला वाटलं, मालोजी ठोकणारच नाही. त्याला हसू यायला लागलं. टक, टक. ती जागा उघडली. कांद्याचा वास आला. आणि मग प्रेस खाली आला. इतक्या जोरात की चिमटा हातातून उडून पायाशी पडला. पेडल दाबल्याचं त्याला आठवत नव्हतं. दाबायचं नाही हे तेवढं आठवत होतं. मोटर बंद केल्यावर चाक बराच वेळ फिरत राहिलं, आणि मालोजी पुढं येऊन त्याच्या बुटाकडं बघत उभा राहिला. "आयला," तो हळूच म्हणाला. या वेळी हसला नाही.

संध्याकाळी अनंतनं केबिनमध्ये सगळं सांगितलं. मशीन नाही, माणूसही नाही, पेडल. आणि ठोकणारा मी. सगळ्या प्रेसवर बटणं परत बसवा आणि मालोजीला प्रेसवरच ठेवा, नाहीतर मला स्क्रॅपमध्ये पाठवा. मॅनेजरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पेडलं तुम्हीच मागितली होतीत ना?" ते म्हणाले. "हात मोकळे करा म्हणून?" हो, अनंत म्हणाला. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. पुढच्या बढतीत आपलं नाव मागं पडलं असणार हे त्याला त्या न विचारण्यातूनच कळलं. बटणं बसली. शॉपचं काम मंदावलं, त्याबरोबर माणसांचा बोनस. जी माणसं दोन वर्षं त्याला देवमाणूस म्हणत होती ती आता त्याला बघून पचकन थुंकायची. मालोजी तर मान वर करून बघेना. अनंतला घरी जेवण जाईना. तो टेबलाखाली दोन्ही पाय एकमेकांत अडकवून बसायचा. "आता टेबल हलत नाही तर तुम्ही थरथरताय," पद्मा म्हणाली. "झालंय तरी काय तुम्हाला?" त्याला तिला सांगावंसं वाटलं की आपण ज्याला मोकळेपणा म्हणत होतो ती एक सवय होती, दुसऱ्या कुठल्याही सवयीसारखी, फक्त ती लावताना मजा आली होती. पण हे पुरतं खरं नव्हतं. अंधारात मेन स्विच पडल्यावरची ती मिनिटं सवय नव्हती. ती खरीच मोकळी होती. ते खरं असून हेही खरं होतं, आणि या दोन्हींचं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मालोजीच्या प्रेसचा आवाज बदलला. अनंत शॉपच्या दुसऱ्या टोकाला होता, तरी त्याला कळलं. घाव भरभर पडत होते, पेडलाच्या दिवसांसारखे. तो धावलाच. मालोजी डाव्या हातानं पत्रा सरकवत होता, उजव्या हातानं बटण दाबत होता. डाव्या बटणावर कुणाचाच हात नव्हता. त्याच्या कडेला लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. अनंतनं स्विच खाली ओढला. प्रेस अर्ध्यातून वर जाऊन थांबला. त्यानं पाचर उपटली. गुळगुळीत, पिवळं लाकूड, एका टोकाला गोल. करवतीनं कापलेलं परदेशी टिपरू.

आजूबाजूचे प्रेसही थांबले. माणसं बघत होती.

"हात बांधून बसायचं मला जमत न्हाई, अन्या," मालोजी सगळ्यांदेखत म्हणाला. शॉपमध्ये त्यानं अन्या म्हणायची ही पहिलीच वेळ होती. "तूच सोडवलं, तूच बांदतोस. म्या काय बैल हाय?"

"हात जाईल तुझा."

"जाईल तर माझा जाईल."

अनंतला ते वाक्य ओळखीचं होतं. शब्दांइतकंच ते म्हणताना हनुवटी कशी वर जाते तेही. वडिलांनी त्या वेळी काय उत्तर दिलं होतं ते तो शोधत राहिला, आणि त्याला आठवलं की उत्तर दिलंच नव्हतं. ते फक्त त्याच्याकडं बघत उभे होते, डोक्यापासून पायांपर्यंत, एकेक अवयव जागेवर आहे ना बघावं तसे. तेव्हा त्याला वाटलं होतं, म्हातारा हरला.

त्यानं टिपराचा तुकडा खाली टाकला. मालोजीचा उजवा हात मनगटाशी धरला, टोक तुटलेला ग्लोव्ज ओढून काढला. "ए, काय करतोस? सोड," मालोजी म्हणाला. कुणीतरी मागं हसलं. अनंतनं त्याचा अंगठा चिमटीत धरला. "एक," तो मोठ्यानं म्हणाला. मग पुढचं बोट. "दोन." तेलानं काळी, नखं चिरलेली बोटं, अंगठ्याच्या मुळाशी टिपरू धरून पडलेला जुना घट्टा. तीन. मालोजी हात सोडवायला झटत होता, पण नेटानं नाही. चार, पाच. मग डावा हात. सातव्या बोटाला अनंत अडखळला, त्यानं ते बोट पुन्हा धरलं, आणि वर बघितलं तर मालोजीचे ओठ हलत होते, कांद्याच्या चाळीत हलायचे तसे. आठ, नऊ. दहा दोघांनीही एकदमच म्हटलं, आणि अनंतनं हात सोडला नाही.